दात लागलेली दुनळी

बंदूक पारखावी कशी, हे कोणाला शिकायचं असेल तर त्याने सरळ माझ्याकडे यावं. वाल्येवोच्या बाजारात मिलोयेचं घर विचारलं की कोणीही सांगेल. तीस वर्षं शिकार केली आहे मी! बंदूक नुसती हातात द्या, पाच मिनिटांत तिची कुंडली मांडून देतो. फी काही नाही. येताना आलुबुखाऱ्याची दारू, म्हणजे राकिया, तेवढी आणावी. पेअरची नको, ती मला बाधते.

माझी बायको देसांका म्हणते, "यांना सगळ्यातलं सगळं कळतं. फक्त कुठली वस्तू कुठे ठेवायची, तेवढं कळत नाही."

हा टोमणा धुरघरावरून आहे. ती भानगड आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

रुझाताई माझी थोरली बहीण. तिचे यजमान रादोश दाजी बावीस वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं आणि त्यांची दुनळी बंदूक माझ्या हातात दिली. "मिलोये, रुझाकडे परवाना नाही. तू सांभाळ. ओग्नेनच्या लग्नात सफरचंद हिनेच पाडायचं." ओग्नेन तेव्हा सात वर्षांचा होता. मी दाजींचा हात धरून हो म्हटलं.

आमच्याकडे नवरी अशीच मिळत नाही. मुलीकडचे अंगणात उंच काठी उभी करतात, तिच्या टोकाला सफरचंद बांधतात. मुलाने बंदुकीने ते पाडायचं. पडेपर्यंत नवरीचं दार बंद! बंदूक मुलाच्या घरची असली तर त्याचा मान वेगळाच.

आता एवढी मोलाची वस्तू ठेवायची कुठे? कपाटात ओल, माळ्यावर उंदीर. मी डोकं चालवलं. आम्ही डुकराची तंगडी धुरघरात धुरी देत टांगतो, ती दोन-दोन वर्षं टिकते. मांस टिकतं, तर लोखंडाला काय धाड भरलीये? दिली बंदूक टांगून, तंगड्यांच्याच रांगेत.

यंदा उन्हाळ्यात ओग्नेन घरी आला. आता तो शहरात दातांचा डॉक्टर आहे. म्हणाला, "मामा, लग्न ठरलं. बाबांची बंदूक ठीक आहे ना?"

"ठीक? अरे, नव्यासारखी आहे!" मी म्हटलं आणि तो गेल्यावर धुरघरात गेलो. बंदूक खाली उतरवली. नळीत वरून बोट घातलं, ते गंजलेल्या भोकातून बाजूने बाहेर आलं!

देसांकाने माझं बोट बघितलं आणि एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा समजावं की परिस्थिती हाताबाहेर गेली आहे. मला तर रडूच आलं. पोराला बाप नाही. बापाच्या जागी उभं राहून मला एकच काम करायचं होतं, आणि तेही मी धुरात घातलं होतं.

पण मी हातपाय गाळणारा माणूस नाही! दाजींची बंदूक काही राजेरजवाड्यांची नव्हती. सरकारी कारखान्यातली स्वस्तातली दुनळी. त्या काळी आमच्या भागात दर तिसऱ्या घरात तीच असायची, जुळ्या बहिणींसारखी. तसलीच एखादी जुनी मिळवायची आणि दाजींची म्हणून ओग्नेनच्या हातात द्यायची. कोणाला कळणार आहे?

"रुझाताईंना कळेल," देसांका म्हणाली.

"ताईने ती बंदूक बघून बावीस वर्षं झाली! तिला चष्म्याशिवाय स्वतःचा हात दिसत नाही."

चौकशी करता करता कळलं, डोंगरापलीकडे स्वेतोझार म्हणून एक म्हातारबाबा आहेत. दृष्टी गेल्यामुळे शिकार सोडली, दुनळी विकायची आहे. डोंगरापलीकडे म्हणजे उत्तमच! तिकडे आपल्याला कोण ओळखतं? रविवारी सकाळी मी आणि देसांका गाडी काढून निघालो.

स्वेतोझार काका अक्रोडाच्या झाडाखाली टेबल मांडूनच बसले होते. तीन पेले, मधे बाटली, बाजूला फडक्यात गुंडाळलेली बंदूक.

"आधी घसा ओला करा," ते म्हणाले. "मग बंदूक. पण आधीच सांगतो हं, हिच्यात एक खोड आहे..."

"काका!" मी हात वर केला. "एक अक्षर बोलायचं नाही!"

आमच्याकडे रीतच आहे. घोडा असो, गाय असो की बंदूक, विकणाऱ्याने हातात हात देण्याआधी तिची खोड सांगायची. न सांगता विकली तर तो माणूस आयुष्यभर खोटारडा. पण ही रीत अडाणी गिऱ्हाइकांसाठी! माझ्यासारख्याला खोड सांगणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला पाण्याची खोली सांगण्यासारखं.

"खोड मी शोधणार," मी म्हटलं. "तुम्ही फक्त बघत राहा."

"बघायला दिसत असतं तर विकली कशाला असती?" काका म्हणाले. देसांका खुदकन हसली. तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

बंदूक उघडली. रिकामी आहे ना, ते आधी बघितलं. हा पहिला नियम. मग नळ्या आभाळाकडे धरून आतून पाहिलं. आरशासारख्या! गंजाचा ठिपका नाही, कुठे पोचा नाही. मला माझं धुरघर आठवलं. एका आंधळ्या म्हाताऱ्याने इतकी निगा राखली होती.

"चरबी लावतो दर शनिवारी," काका म्हणाले. "घरच्या डुकराची."

"वासावरूनच कळलं," मी म्हटलं.

मग सिगारेटचा पातळ कागद घेतला, नळी आणि मागची पोलादी भिंत यांच्यामध्ये ठेवला आणि बंदूक मिटली. कागद ओढला. हलेना! म्हणजे फट नाही. बंदूक कानाशी धरून हलवली. खडखड नाही. दस्त्याला चीर नाही. कारखान्याचे शिक्के जागच्या जागी.

"आता चापाचं म्हणाल तर..." काकांनी पुन्हा सुरुवात केली.

"काका, चाप मी ओढून बघणारच नाही! काडतूस नसताना चाप ओढायचा नसतो. आतली टोकं खराब होतात. जाणता माणूस जुन्या बंदुकीशी असला अत्याचार करत नाही."

"अहो, पण ते काय म्हणतायत ते ऐका तरी," देसांका म्हणाली.

"तू राकिया घे!"

आता राहिली शेवटची परीक्षा, आणि ती सगळ्यांना येत नाही. मी नळीखालचा लाकडी तुकडा, म्हणजे डाव्या हाताने धरायचा तो, काढून टेबलावर ठेवला. दोन्ही नळ्या सुट्या करून बोटावर टांगल्या. चमच्याने त्यांच्यावर टोला द्यायचा. जोड पक्का असेल तर घंटेसारखा नाद निघतो, सैल असेल तर भांडं फुटल्यासारखा.

"अहो, थांबा! ते नका वाजवू!" काका ओरडले.

"का? नादात खोड आहे वाटतं?" मी डोळा मारला, आणि दिला टोला.

टण्ण्ण्! काय नाद होता! मी खूश होऊन आणखी दोन दिले. देवळातली घंटा झक मारेल!

आणि तेवढ्यात रानातून दडदड ऐकू आली. काका त्यांच्या डुकरांना ओकच्या रानात चरायला सोडतात आणि दाणा घालायच्या वेळी लोखंडी नळी वाजवून बोलावतात. हे मला कसं माहीत असणार? तेवीस डुकरं कुंपणातून आत घुसली! सकाळपासून उपाशी असल्यासारखी! टेबल गेलं, बाटली गेली, देसांका खुर्चीवर चढली. एक भली मोठी डुकरीण चरबीच्या वासाने लाकडी तुकड्यापाशी पोचली, तो तोंडात धरला आणि निघाली रानाकडे.

"माझी बंदूक!" मी ओरडलो.

"अजून तुमची कुठे झालीये?" खुर्चीवरून देसांका.

मी त्या डुकरिणीमागे चिखलात अर्धा मैल तरी धावलो. ओढ्याच्या काठी तिला गाठलं. ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. शेवटी काकांनी लांबून नळी वाजवली, तेव्हा तिने तोंड उघडलं. तुकडा माझ्या हातात राहिला, पण त्यावर तिच्या दातांची अख्खी रांग उमटली होती! सुळ्याच्या जागी तर करंगळी मावेल एवढी खाच.

आता ही बंदूक घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुसऱ्याची वस्तू डुकराला चारून परत कशी करणार? मी धापा टाकत काकांसमोर आलो आणि हात पुढे केला.

"पण खोड सांगू दे की रे बाबा!" काका कळवळून म्हणाले. "रीत मोडू नकोस!"

"खोड ऐकली! डुकरं! द्या हात!" आणि मी त्यांचा हात धरून जोरात हलवला.

काका बराच वेळ डोकं हलवत राहिले. देसांका परत येताना गाडीत म्हणाली, "ते डुकरांबद्दल नव्हते बोलत."

पोलीस ठाण्यातले कागद झाले. घरी येऊन देसांकाने हट्ट धरला, एकदा तरी उडवून बघा.

"लग्नाची बंदूक लग्नाआधी उडवायची नसते. अपशकुन होतो."

"हे कुठलं शास्त्र? मी तर कधी ऐकलं नाही!"

तिने कसं ऐकलं असेल? मी ते नुकतंच तयार केलं होतं. खरं कारण सांगतो. बार झाला असता तर शेजारीपाजारी धावत आले असते आणि विचारलं असतं, मिलोये, ही बंदूक कुठली?

लग्नाचा दिवस उजाडला. लग्नातल्या मानकऱ्याचा भरतकामाचा टॉवेल खांद्यावरून आडवा बांधून मी बंदूक ओग्नेनच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. मग त्याचा अंगठा त्या लाकडी तुकड्यावरून फिरला.

"मामा, हे काय? दातांच्या खुणा?"

आली का पंचाईत! पण मी सुचेल ते बोलणारा माणूस.

"तुझ्याच! तुला दात येत होते ना, तेव्हा तू हिलाच चावायचास. दाजी मांडीवर बंदूक घेऊन पुसत बसायचे, आणि तू खुशाल चावत बसायचास!"

ओग्नेनने चष्मा वर करून ती खाच पाहिली. "मामा, एवढा सुळा?"

"लहानपणी फार सुदृढ होतास रे!"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला मिठी मारली. शेजारी रुझाताई उभी होती, ती रुमालाने डोळे टिपत होती. मला वाटलं, जिंकलो!

वऱ्हाड नवरीच्या, म्हणजे यागोदाच्या, दारात पोचलं. तिचे वडील त्रिफुन म्हणजे पंचक्रोशीतला खवट माणूस. त्यांनी पॉप्लरच्या दोन काठ्या एकावर एक बांधल्या होत्या. टोकाचं सफरचंद बोराएवढं दिसत होतं.

"काय व्याहीबुवा, दिसतंय का, की दुर्बीण आणू?" त्रिफुननी विचारलं.

"दुर्बीण तुम्हीच ठेवा! आमचं एका बारात पडेल!" मी बोलून गेलो. माझी जीभच अशी.

"ऐका रे सगळे! पाहुणे एक बार म्हणतायत! एका बारात नाही पडलं तर दार उघडणार नाही! बघा बुवा, पाद्रीबाबांना एक वाजता तुमचं लग्न लावून दुसऱ्या गावाला जायचंय."

ओग्नेन पांढराफटक पडला. त्याने आयुष्यात दाढा सोडून काही उडवलं नव्हतं. मी त्याच्या कानात सांगत होतो, श्वास रोख, हळूच चाप ओढ. तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत कोण आलं? स्वेतोझार काका!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते यागोदाच्या आजीचे सख्खे भाऊ निघाले!

"मिलोयेचा आवाज ना हा?" काका म्हणाले. "आणि हा चरबीचा वास? अरे, माझी दुनळी आणलीस की काय? बरं झालं भेटलास. तुला तेव्हा सांगायचं राहिलं, हिच्या चापाची..."

"काका! किती दिवसांनी!" मी त्यांना मिठीत घेतलं आणि टेबलाकडे ओढत नेलं. "आधी घसा ओला करा!"

"अरे, पण ऐक तरी! पोरगा बार काढतोय ना? त्याला सांग..."

मी पेला त्यांच्या ओठालाच लावला. काका ठसकले, आणि त्याच क्षणी मागे बार झाला.

बार कसला! डोंगर फुटल्यासारखा आवाज! वळून बघतो तर ओग्नेन नव्या सुटात चिखलात बसलेला. पाय वर, चष्मा कानावर. सफरचंद नाही. सफरचंदाची दोरी नाही. वरच्या काठीचं हातभर टोकही नाही! छर्रे त्रिफुनच्या पत्र्यावर गारांसारखे तडतडत होते.

"हेच सांगत होतो!" काका खोकत म्हणाले. "एक चाप ओढला की दोन्ही नळ्या एकदम उडतात!"

मी काय काय तपासलं होतं? नळ्या पाहिल्या, कागद ओढला, घंटा वाजवली. आणि चाप ओढला नाही!

बँड थांबला. त्रिफुन दोन्ही हात वर करून ओरडले, "फसवाफसवी! एक बार म्हणाले आणि दोन उडवले! हे सफरचंद धरायचं नाही! दार बंद! दुसरी काठी आणा रे!"

"अहो, दुसरी काठी? साडेबारा झाले!" देसांका म्हणाली.

"बाबा!" माडीवरच्या खिडकीतून यागोदा ओरडली. "सफरचंद पडलं ना? मग काय! या बुटांत मला उभं राहवत नाहीये!"

"तू आत जा! नियम म्हणजे नियम! ही असली चोरटी बंदूक आणली कोणी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओग्नेन चिखलातून माझ्याकडे बघत होता. आता खरं सांगावं लागणार होतं, भरल्या अंगणात, त्याच्या लग्नाच्या दिवशी. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात रुझाताई पुढे आली. तिने चिखलातली बंदूक उचलली, पदराने पुसावी तशी शालीने पुसली आणि उंच धरली.

"ही माझ्या नवऱ्याची बंदूक आहे," ती म्हणाली. "माझ्या रादोशची. ती अशीच उडायची, दोन्ही नळ्या एकदम. आमच्या गावात कोणालाही विचारा. चोरटी म्हणायचं असेल त्रिफुनदादा, तर गेलेल्या माणसाला म्हणा!"

त्रिफुननी हळूच टोपी काढली. गेलेल्या माणसाच्या बंदुकीशी कोण भांडणार? मागून काका पुटपुटले, "रादोशची? पण ही तर माझी..." ताईने न वळता एक भरलेला पेला त्यांच्या हातात दिला. काका तसे समजूतदार. ते गुपचूप प्यायले.

"उघडा रे दार," त्रिफुन म्हणाले. बँड वाजला. यागोदा बूट हातात घेऊन बाहेर आली.

पाद्रीबाबांकडे आम्ही एकला पाच मिनिटं असताना पोचलो.

संध्याकाळी जेवणात मी ताईच्या शेजारी बसलो होतो. पोटात दोन पेले होते, त्यामुळे धीर आला होता.

"ताई, दाजींची बंदूकही अशीच उडायची? मला आठवत नाही."

"कधीच नाही," ताई शांतपणे सूप पीत म्हणाली. "त्यांच्या बंदुकीच्या दोन्ही नळ्या चुकूनसुद्धा कधी एकदम उडल्या नाहीत."

माझा चमचा तोंडापाशीच राहिला.

"मघाशी गाडीत ओग्नेनने विचारलं मला," ती म्हणाली. "'आई, मला लहानपणी डुकराचे सुळे होते का?'"

"मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मामा म्हणतोय ना, मग होते."

मी मान खाली घातली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दर नाताळला तुझ्या धुरघरातून तंगडी उतरवून कोण नेतं, मिलोये? बंदूक तंगडीच्या बाजूलाच होती. मला वाटलं, तुझंही काही शास्त्र असेल. तुला एवढं कळतं म्हणतोस ना बंदुकीतलं!"

माझ्या डोळ्यात पाणी आलं, ते कांद्यामुळे म्हणून सांगितलं. टेबलावर कांदा नव्हता.

ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "बाप असता तरी त्याने आज एवढा घाम गाळला नसता. जाऊ दे. रादोशची मला आणून दे, जशी असेल तशी. भिंतीवर लावीन. आणि ही डुकराने चावलेली पोरांकडे राहू दे. फक्त ठेवायची कुठे ते यागोदा ठरवेल. तू सांगू नकोस."

"मुळीच नाही!" मी म्हटलं, आणि खरंच नाही बोललो. नाहीतर एक नामी जागा माझ्या डोक्यात होती. आमच्या मधमाश्यांच्या पेट्यांत आत सगळीकडे मेण असतं, आणि मेणात लोखंड गंजल्याचं निदान मी तरी कधी ऐकलेलं नाही.